स्टिअरिंगमधला खेळ

पहिल्याच दिवशी इलाहीचाचांनी
माझ्या यंत्राचं तोंड बांधलं,
तंबाखूच्या पुडीचा कागद, वर चिकटपट्टी.
"लई वटवट करती गं ही.
वळणावर माणसाशी बोलू नये,
एवढं क्लीनरलाबी कळतं."

दोन वर्षं घालवली होती मी त्या वटवटीवर
उद्यमनगरच्या गाळ्यात, लेथच्या शेजारी.
तीन आवाज, चार रंगांचे दिवे,
डुलकी लागली तर वेगळी शिट्टी.
डिसेंबरअखेर नमुना कंपनीला द्यायचा होता.

मग आवाज काढला आणि सीटमध्ये पेरला.
मांडीखाली आठ बारक्या मोटरी:
डावीकडून कोणी घुसलं की डावी मांडी थरथरेल.
चाचा बसले, उठले, पुन्हा बसले.
"मुंग्या आल्यागत वाटतंय.
चालंल. मुंग्या परवडल्या."

अकरा दिवस गगनबावड्याचा रस्ता.
मी मागे, मांडीवर लॅपटॉप,
चाकाभोवती दाब मोजणारी जाळी.
राधानगरीवरून चाळीस वर्षं बॉक्साइट उतरवलेला माणूस
घाटात एकदाही दचकला नाही.
पडद्यावर त्यांच्या दहा बोटांच्या दहा रेघा.
नऊ शहाण्या.
डाव्या करंगळीची मात्र वेडी,
प्रत्येक वळणाआधी सुटायची, टेकायची, सुटायची,
कुलूप लावून निघालेलं माणूस
परत येऊन कडी चाचपतं तशी.
मी ती गाळून टाकली. गोंधळ म्हणून.
चाकातला सैलपणाही काढला सगळा:
बोट हललं की गाडी हलली पाहिजे,
दोघांत केसाची फट नको.
त्या रात्री मला छान झोप लागली.

बाराव्या दिवशी कळ्याच्या पुढे
त्यांनी गाडी कडेला घेतली.
"हिचा खेळ कुठं गेला?"

खेळ?

त्यांनी हवेतच चाक धरलं,
करंगळीनं हलवून दाखवलं, इकडं इतकं, तिकडं इतकं,
जिथं काहीच होत नाही तेवढी जागा.
"हितनं विचारायचं तिला.
माल सरकलाय का, टायर बसलंय का, रस्ता निसरडा हाय का.
ती सांगती. मग वळवायचं.
आता मला शिंक आली तरी ही वळंल.
विचारू कधी?"

घरी येऊन आबांची पट्टी शोधली.
आबा पॅटर्नमेकर, सागवानात पंपाचे पॅटर्न कोरायचे,
आणि त्यांच्या पट्टीवरचा फूट
जगाच्या फुटाहून थोडा लांब.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
तेवढं आधीच देऊन ठेवायचं.
चौथीत मी तीच पट्टी शाळेत नेली,
सगळी मापं चुकली, छडी खाल्ली.
आबा हसले होते:
"तुझ्या बाईंच्या वहीत काही निवत नाही ना, म्हणून."

तीन अंश परत दिले चाकाला.
गाळलेली करंगळी परत आणली.
आता ती टेकली
की गाडी रस्त्याची थरथर वर सोडते,
पीठ चाळताना परातीला जाणवते तेवढीच.

कंपनीचं उत्तर आलंय. हाताला सैल लागतं, दुरुस्त करा.
पत्र ड्रॉवरमध्ये आहे, पट्टीखाली.

आज पहाटे बालिंग्याच्या पुलावर
धुक्यात उसाची ट्रॉली,
मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती पाचट लोंबतेय.
चाचांना ती आधी दिसली की आधी लागली
मला ठरवता येत नाही.
करंगळी उठली. गाडी सावकाश झाली.
पहिल्यांदा कोण थबकलं ते रेघांत सापडत नाही,
मी तीनदा पाहिलं.

"कळलं गं," चाचा म्हणाले.
मी मागून विचारलं, "काय?"

"तुला न्हाई."